कृतिदेवमधले मराठी संकेतस्थळावर आणताना

इंदूरच्या राजवाड्याच्या परिसरातील एका जुन्या मंगल कार्यालयाचे संकेतस्थळ करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पाच पाने, एक चौकशीचा अर्ज आणि थोडी छायाचित्रे एवढाच आवाका धरून मी दर सांगितला होता. पाने उभी राहिली ती लवकरच. वेळ खाल्ला तो मजकुराने. नियमावली, दरपत्रक आणि कार्यालयाचा इतिहास हे सारे एका पेनड्राइव्हवर कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेले होते. इंदूरमध्ये हे नवलाचे नाही. इथल्या कचेऱ्यांत आणि टंकलेखनाच्या वर्गांत वर्षानुवर्षे हिंदीसाठी कृतिदेवच चालत आला, आणि मराठी संस्थांचे कागदही बहुधा त्याच हातांनी टंकले. असे काम अंगावर घेणाऱ्याने आरेखनाला हात घालण्यापूर्वी मजकूर मागवून घ्यावा आणि तो कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे पाहूनच दर सांगावा.

कृतिदेव हा युनिकोड फॉन्ट नव्हे; युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्याच्या फायलीत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो, इतकेच. ‘कार्यालय’ हा शब्द त्यात लहान डी, लहान के, अर्धविराम, पुन्हा लहान के, मोठा झेड, लहान वाय आणि पुन्हा अर्धविराम अशा सात चिन्हांनी लिहिलेला असतो, आणि ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तिथे वाचणाऱ्याला तीच सात चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये याच शब्दाचे आठ घटक होतात आणि त्यांचा क्रमही वेगळा असतो. कृतिदेवमध्ये रफार ‘या’ टंकून झाल्यावर येतो, तर युनिकोडमध्ये ‘र्’ हा ‘या’च्या आधी असावा लागतो, पहिली वेलांटी कृतिदेवमध्ये व्यंजनाच्या आधी, तर युनिकोडमध्ये व्यंजनानंतर येते. त्यामुळे रूपांतर करणारी प्रणाली केवळ चिन्हांची अदलाबदल करणारी असून भागत नाही, तिला अक्षरांची जागाही बदलता आली पाहिजे. ती पारखण्यासाठी ‘विद्यार्थिनी’, ‘निर्विघ्न’ आणि ‘आशीर्वाद’ हे तीन शब्द पुरेसे आहेत. रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर आली की कच्ची प्रणाली तिथेच अडखळते.

रूपांतर नेहमी मूळ वर्ड फायलीवरून करावे, पीडीएफवरून नव्हे, आणि मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला जपून ठेवावी. अशा फायलींत दूरध्वनी क्रमांक, ईमेलचा पत्ता किंवा एखादे इंग्रजी नाव दुसऱ्या फॉन्टमध्ये असते. सगळा मजकूर सरसकट प्रणालीत ओतला, तर ईमेलच्या पत्त्याचीही देवनागरीत अगम्य खिचडी होते. म्हणून ज्या तुकड्यांचा फॉन्ट कृतिदेव आहे तेवढेच तुकडे वेगळे काढून रूपांतरित करावेत. वर्डच्या आधुनिक फायलीत प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या फॉन्टचे नाव नोंदवता येते, त्यामुळे हे काम छोट्या प्रोग्रॅमने होते. मात्र फॉन्ट शैलीतून घेतलेला असेल, तर ती शैलीही तपासावी लागते.

येथवरचे काम यंत्राचे. यापुढचे यंत्राला जमत नाही, आणि मराठीच्या बाबतीत खरी गोम इथेच आहे. हिंदी टंकलेखकाला ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ ठाऊक नसतात, तो तिथे सरळ रफार देतो. या कार्यालयाच्या नियमावलीत एक वाक्य अभिप्रेत होते, ‘आचाऱ्यांनी रात्री भट्टी विझवल्याशिवाय जाऊ नये.’ रूपांतरानंतर ते ‘आचार्यांनी’ असे झाले, आणि स्वयंपाक्यांना घातलेला नियम थेट विद्वानांच्या माथी बसला. वऱ्हाडी मंडळी तर पानोपानी ‘वर्हाडी’ झाली होती. टंकतानाच भेद पुसला गेल्यामुळे कोणतीही प्रणाली तो परत आणू शकत नाही. यावर मी वापरतो तो उपाय असा, की संपूर्ण मजकुरातून ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेले शब्द वेचून, पुनरावृत्ती काढून, त्यांची अकारविल्हे यादी करावी. ‘र्ह’ची यादी लवकर संपते, कारण ‘अर्हता’सारखे मोजके संस्कृत शब्द वगळले तर बाकी सगळीकडे ‘ऱ्ह’च हवा असतो. ‘र्य’ची यादी मात्र डोळ्यांखालूनच घालावी लागते. ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘धैर्य’ हे जसेच्या तसे ठेवायचे. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कोपऱ्यात’ हे बदलायचे. आणि ‘आचार्य’ दिसला की मूळ वाक्य उघडून तो शिकवणारा आहे की रांधणारा हे पाहायचे.

त्याच यादीबरोबर नुक्त्यांचा, म्हणजे अक्षराखालच्या टिंबांचाही निकाल लावावा. हिंदीच्या सवयीने ‘वाड़ा’, ‘घोड़ा’, ‘पिढ़ी’ असे टंकले जाते. मराठीत ‘ड’ आणि ‘ढ’ यांच्याखाली टिंब देण्याची रीत नाही, त्यामुळे ही दोन अक्षरे निःशंक बदलून टाकता येतात; फक्त एखाद्या हिंदी भाषकाचे किंवा स्थळाचे नाव त्यांत सापडले, तर ते तसेच राहू द्यावे. इंदूरच्या मराठी कुटुंबांतही आता बोलण्यात हिंदी इतकी मुरलेली आहे, की संस्थेच्या लोकांना ही टिंबे खटकतच नाहीत. पुण्याहून लग्नाची चौकशी करणाऱ्याला ती पहिल्याच ओळीत खटकतात.

एक बारीक गोष्ट शोधपेटीसंबंधी आहे. पडद्यावर एकसारखा दिसणारा ‘ऱ्य’ आत तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र्’नंतर जोडणारे अदृश्य चिन्ह घालून. पहिल्या दोन तऱ्हा एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे समान रूपे एकाच रूपात आणणाऱ्या प्रक्रियेने, एक होतात. तिसरी होत नाही, ती आपल्या हाताने बदलावी लागते. हे केले नाही, तर ‘वऱ्हाडी’ हा शब्द पानावर डोळ्यांना दिसत असूनही शोधपेटी तो नसल्याचे सांगते.

पानाच्या मूळ खुणेत (एचटीएमएल टॅगमध्ये) भाषा ‘मराठी’ अशीच नोंदवावी. आपल्या शहरात तयार साचे बहुधा हिंदीचे मिळतात आणि त्यांत भाषेची नोंद हिंदी असते. ज्या फॉन्टांत सोय केलेली असते, त्यांत केवळ या एका नोंदीवरून ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे मराठी पद्धतीची होतात, आणि दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारी प्रणालीही त्यावरूनच आवाज निवडते. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची इंग्रजी मथळ्यांतली हौस देवनागरीत करू नये, शिरोरेषा तुटते. ओळींमधले अंतर मी अक्षराच्या आकाराच्या १.६ पट किंवा त्याहून थोडे अधिक ठेवतो, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीतच ठेवावा. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांचा असतो आणि पत्त्यात एका बाइटाची तीन चिन्हे होतात, म्हणजे एकट्या ‘कार्यालय’ शब्दाची ७२ चिन्हे. असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवला, की निम्मा पडदा टक्केवारीच्या खुणांनी भरतो.

चौकशीच्या अर्जात माझीच चूक झाली, ती सांगायला हवी. संकेतस्थळ सुरू झाल्यानंतर व्यवस्थापक काकांचा दूरध्वनी आला, “अहो, नाव येतं, नंबर येतो आणि निरोपाच्या जागी कोरंच. लोक नुसता नमस्कार करून निघून जातात की काय?” काकांचा तर्क जवळजवळ बरोबर होता. निरोपाची सुरुवात बरेच जण हात जोडल्याच्या इमोजीने करत होते. अर्जातली माहिती साठवणाऱ्या जुन्या माय-एसक्यूएल कोठारात (डेटाबेसमध्ये) मी यूटीएफ-८ नावाची जी मांडणी निवडली होती, ती एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देते. मराठी अक्षरे तीत नीट मावतात, म्हणून चाचणीत काही कळले नाही. इमोजीला चार बाइट लागतात, आणि न मावणारा मजकूर नाकारणारी कडक तपासणी बंद असल्यामुळे त्या चिन्हापासून पुढचा सगळा मजकूर मुकाट्याने गळून जात होता. कोठार, तक्ते, रकाने आणि जोडणी या चारही ठिकाणी चार बाइट देणारी यूटीएफ८एमबी४ हीच मांडणी ठेवावी, कडक तपासणी चालू ठेवावी आणि चाचणीचा पहिला निरोप इमोजीनेच सुरू करावा. त्याच अर्जात मराठी कळफलकावरून देवनागरी अंकांत भरलेला मोबाइल क्रमांकही नाकारला जात होता, कारण जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखण्याची नेहमीची खूण फक्त रोमन अंक जाणते. अशा वेळी भरणाऱ्याला ताकीद देण्याऐवजी तपासणीपूर्वी अंक आपणच बदलून घ्यावेत; दहा अंकांच्या अदलाबदलीला एक ओळ पुरते.

डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदवावे. आधीच्या चिटणिसांच्या खासगी पत्त्यावर ते असेल, आणि ते चिटणीस आता मुलीकडे परगावी राहत असतील, तर नूतनीकरणाची सूचना त्यांच्या वाचनात कधी येईल याचा नेम नसतो.

या कामानंतर माझ्या दरपत्रकात मजकुराचे रूपांतर ही वेगळी ओळ असते. तिचा दर पानागणिक लावलेला असतो, आणि कृतिदेव व युनिकोड यांचे आकारमान वेगळे असल्यामुळे ‘पान’ म्हणजे किती शब्द हेही तिथेच लिहिलेले असते. रूपांतरित मजकुराची छापील प्रत संस्थेने नेमलेल्या एका मराठी वाचणाऱ्या व्यक्तीला दिली जाते, आणि तिच्या सहीनंतरच तो संकेतस्थळावर चढतो. या कार्यालयाच्या बाबतीत ती सही काकांच्या सूनबाईंनी केली. ‘आचार्यांनी’खाली तांबडी रेघ त्यांचीच होती.