पवनऊर्जा प्रकल्प: वारा मोजण्यापासून देखभालीपर्यंत

जमिनीवरील पवनऊर्जा प्रकल्पाची सुरुवात जागेच्या व्यवहाराने नव्हे, तर वाऱ्याच्या मोजणीने करावी. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग 10 टक्क्यांनी अधिक असल्यास ऊर्जा सुमारे 33 टक्क्यांनी अधिक मिळू शकते, आणि म्हणूनच मोजणीतील किरकोळ चूकही उत्पन्नाच्या अंदाजात मोठी होऊन बसते. त्यासाठी नियोजित जागी मनोरा उभारून, शक्यतो टर्बाइनच्या आसाइतक्या व त्याखालील एक-दोन उंचींवर, किमान सलग एक वर्ष वाऱ्याचा वेग व दिशा आणि त्यासोबत तापमान व हवेचा दाब नोंदवावा. ते वर्ष अपवादात्मक असू शकते. तेव्हा जवळच्या हवामान केंद्राच्या अनेक वर्षांच्या नोंदींशी ते ताडून पाहणे अपरिहार्य आहे. या टप्प्यावर केलेली काटकसर सर्वांत महाग पडते.

टर्बाइनची निवड या नोंदींवरून करावी. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग) 61400-1 या मानकानुसार पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील यंत्रांसाठी वार्षिक सरासरी वेगाची मर्यादा अनुक्रमे 10, 8.5 व 7.5 मीटर प्रतिसेकंद आहे. मंद वाऱ्यासाठी घडवलेले यंत्र जोरकस, खळबळत्या वाऱ्यात बसवल्यास पाती व गिअरबॉक्स लवकर थकतात. पुढच्या यंत्रामागे वारा मंदावतो, म्हणून मुख्य दिशेने दोन यंत्रांत पात्यांच्या वर्तुळव्यासाच्या साधारण पाच ते नऊ पट आणि आडव्या दिशेने तीन ते पाच पट अंतर राखण्याचा प्रघात आहे. वस्तीपासूनचे अंतर ठरवताना आवाजासोबत पात्यांच्या फिरत्या सावलीचाही हिशेब घ्यावा. वीजजोडणीचा अर्ज सुरुवातीलाच करावा, कारण उपकेंद्रात क्षमता नसेल तर उत्तम वाराही निरुपयोगी ठरतो. लांब पाती वळवता येतील असे रस्ते व क्रेनसाठी घट्ट दाबलेली जमीन यांची आखणी पायाभरणीपूर्वीच पूर्ण असावी.

प्रकल्प सुरू झाल्यावर यंत्र किती तास सज्ज होते एवढ्यावर समाधान मानू नये. जोराच्या वाऱ्यात बंद राहिलेला एक तास मंद वाऱ्यातील अनेक तासांपेक्षा अधिक तोट्याचा असतो. त्यामुळे नियोजित देखभाल मंद वाऱ्याच्या काळात ठेवावी, प्रत्यक्ष उत्पादन यंत्र-उत्पादकाच्या शक्तिवक्राशी (वाऱ्याच्या कोणत्या वेगाला किती वीज मिळावी हे दाखवणाऱ्या आलेखाशी) नियमित ताडावे, आणि घट दिसताच यंत्राचे तोंड वाऱ्याच्या दिशेला नीट वळते का व पात्यांची पुढची कड झिजली आहे का, हे आधी तपासावे. गिअरबॉक्सच्या तेलातील धातूचे कण व बेअरिंगची कंपने बिघाडाची सूचना पुष्कळ आधी देतात. मात्र फिरत्या भागाजवळ काम करण्यापूर्वी रोटर (पात्यांसह फिरणारा भाग) यांत्रिकरीत्या कुलूपबंद केलाच पाहिजे; केवळ ब्रेकवर विसंबू नये.