लहान मुलांसह व्हॅलेन्सिया: बेळगावकर पालकांसाठी

सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलांना घेऊन भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या शहरात आठवडाभर राहण्याचा विचार असेल, तर मी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सियाचे नाव सुचवीन. हे शहर बार्सिलोना किंवा रोमपेक्षा लहान आणि जवळजवळ सपाट आहे. विमानतळावरून मेट्रोने अर्ध्या तासाच्या आत मध्यवस्तीत पोचता येते आणि शहराच्या मधोमध सुमारे ९ किलोमीटर लांबीची, गाड्यांची वर्दळ नसलेली बाग आहे. आम्ही टिळकवाडीतून तीन आणि सहा वर्षांच्या दोन मुलींना घेऊन मे महिन्यात गेलो होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून असा प्रवास करताना ज्या गोष्टी आधी माहीत असायला हव्यात, त्या येथे लिहीत आहे.

काळ निवडताना आपल्या शाळांच्या सुट्ट्या सोयीच्या पडतात. कर्नाटक बोर्डाच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत सुट्टी असते आणि व्हॅलेन्सियात त्या दिवसांत दुपारचे तापमान २० ते २५ अंशांच्या आसपास असते. मात्र समुद्राचे पाणी तेव्हा १८-१९ अंशांचेच असते. गोवा, मालवण किंवा कारवारच्या कोमट पाण्याची सवय असलेल्या मुलांना ते चांगलेच गार लागते, हे त्यांना घरीच सांगून ठेवावे. दसऱ्याच्या सुट्टीत पाणी त्याहून उबदार असते, परंतु शरद ऋतूत या किनाऱ्यावर अचानक अतिवृष्टी होते. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सिया प्रांतात आलेल्या पुरात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून त्या दिवसांत जाणाऱ्यांनी हवामान खात्याचा लाल इशारा आला की त्या दिवशी घराबाहेर पडू नये.

कागदपत्रांची सुरुवात किमान तीन-चार महिने आधी करावी. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे बाळ असताना काढलेला पासपोर्ट संपत आलेला नाही ना, हे सर्वांत आधी पाहावे. स्पेनसह युरोपातील अनेक देशांना मिळून एकच लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. त्याचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे, तर सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा मात्र तान्ह्या बाळालाही लागतो. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्याही सह्या लागतात, त्यामुळे दोघांपैकी एकजण सोबत येणार नसेल तर त्याचे संमतिपत्र आधीच करून ठेवावे.

आपल्या भागातील दोन अडचणी वेगळ्या आहेत. पहिली अडचण केंद्राची. आपली नाती कोल्हापूर, पुणे आणि मुंबईत पसरलेली असली, तरी अर्ज कोणत्या केंद्रात द्यायचा हे राहत्या पत्त्यावरून ठरते आणि आपला पत्ता कर्नाटकातला आहे. मुंबईच्या मावशीकडे उतरण्याची सोय आहे म्हणून तेथील वेळ घेऊन टाकू नये, आधी नियम पाहावा. दुसरी अडचण नावांची. माझ्या पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेळगाम’ असे आहे आणि मुलींच्या पासपोर्टवर ‘बेळगावी’, कारण १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलले. शिवाय आमच्याकडे जन्मदाखल्यावर वडिलांचे नुसते आद्याक्षर होते, तर पासपोर्टवर पूर्ण नाव. अर्जासोबतच्या पत्रात या दोन्ही गोष्टींचा खुलासा दोन ओळींत केला, आणि जुना दाखला केवळ कन्नडमध्ये होता म्हणून त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडले. अशा खुलाशाला एक संध्याकाळ पुरते, पण खिडकीपाशी उभे राहिल्यावर त्याची उणीव भरून काढता येत नाही.

भारतातून व्हॅलेन्सियाला थेट विमान नाही. एकदा विमान बदलून माद्रिद किंवा बार्सिलोना गाठावे, तेथे एक रात्र मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने जावे, असे माझे मत आहे. माद्रिदहून वेगवान गाडी दोन तासांच्या आत पोचते. घरातून निघून मुंबई, गोवा किंवा बंगळूर गाठण्यातच मुलांचा निम्मा दम संपलेला असतो, म्हणून तिसरे विमान टाळलेलेच बरे.

या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त विचार मुलांच्या घड्याळाचा करावा लागतो. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. बेळगावात सकाळी साडेसातला उठणारे मूल तेथे पहाटे चारला टक्क जागे होते आणि रात्री साडेनऊला झोपणारे मूल संध्याकाळी सहालाच डुलक्या घेऊ लागते. दुसरीकडे, स्पेनमधील लोक दुपारचे जेवण दोनच्या सुमारास आणि रात्रीचे नऊनंतर घेतात. बहुतेक उपाहारगृहांचे स्वयंपाकघर रात्री साडेआठच्या आधी उघडतच नाही. पहिल्या संध्याकाळी आम्ही हे विसरलो. सात वाजता एका बंद दाराबाहेर धाकटी माझ्या खांद्यावर रडून रडून उपाशीच झोपली आणि मोठी फुटपाथवर बसून राहिली. तो प्रसंग मला अजून टोचतो, आणि तो टाळणे अवघड मुळीच नव्हते.

उपाय असा की मुलांना स्थानिक वेळेवर पूर्णपणे आणण्याचा हट्ट धरू नये. आठवड्याभराच्या मुक्कामात ती सकाळी साडेपाच-सहाला उठतील आणि रात्री आठला झोपतील एवढेच साधावे. तेथे मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण घरांच्या खिडक्यांना बाहेरून ‘पेर्सियाना’ नावाचे पट्ट्यापट्ट्यांचे गुंडाळते पडदे असतात. ते खालपर्यंत सोडले की भर उन्हातही खोलीत मिट्ट काळोख होतो. घर भाड्याने घेताना बेडरूमला पेर्सियाना आहे का, हे मी आता आवर्जून विचारते. दिवसाचे मुख्य जेवण दुपारी दीड-दोनला बाहेर घ्यावे, कारण तेव्हा बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या दरात पूर्ण जेवणाची ‘मेनू देल दिया’ ही सोय असते. संध्याकाळी साडेसहाला घरीच मऊ भात किंवा खिचडी करावी. त्यासाठी हॉटेलच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघर असलेले घर कितीतरी अधिक उपयोगी पडते.

खाण्याच्या सामानाबाबत एक नियम काटेकोरपणे पाळावा. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे आणि आपला कुंदा, तिघांनाही घरीच ठेवावे लागते. ताजी फळे आणि कढीपत्ताही नेऊ नये, त्यामुळे हापूसची करंडी मनातून काढून टाकावी. बाळाच्या दुधाच्या पावडरीला, कंपनीच्या बंद डब्यात असल्यास, ठरावीक मर्यादेत सूट आहे. आम्ही मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला आणि तेलावर भाजलेला रवा एवढेच नेले. तांदूळ नेण्याची गरज नाही, कारण शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा सरोवराभोवती भातशेती आहे आणि तेथील आखूड, जाड दाण्याच्या तांदळाचा भात मुलांना आवडेल असा मऊ होतो. बेळगावी बासमतीचा वास त्याला नाही, पण मेतकूट घातल्यावर माझ्या मुलींनी तक्रार केली नाही.

शाकाहारी कुटुंबांनी नुसते ‘मांस नको’ असे सांगून थांबू नये, कारण वाळवलेले डुकराचे मांस आणि टूना मासा यांना तेथे पुष्कळदा त्यात धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’, म्हणजे मांस, मासे आणि हॅम न घालता, असे तिन्ही शब्द कागदावर लिहून दाखवावेत. अंडे चालत नसेल तर ‘सिन ऊएवो’ हेही जोडावे, कारण बटाट्याच्या ‘तोर्तिया’त अंडे असते. ‘पाएया’ हा तेथील भाताचा प्रसिद्ध पदार्थ, आणि पारंपरिक व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी आणि ससा असतो. भाज्यांची पाएया मिळते, पण ती कोणत्या रश्शात शिजवली आहे हे विचारूनच मागवावी. मुलांसाठी तेथील खरी भेट म्हणजे ‘ओर्चाता’. चुफा नावाच्या लहान कंदापासून केलेले हे दुधासारखे पांढरे, गार पेय आहे. त्यात दूध नसते. शहराला लागून असलेल्या आल्बोराया गावात चुफाची शेती आहे आणि तेथे मेट्रोने जाता येते.

लवकर उठणाऱ्या मुलांचा खरा फायदा तुरियाच्या बागेत, म्हणजे शहराच्या मधोमध असलेल्या त्या लांब बागेत, कळतो. ही बाग म्हणजे नदीचे जुने पात्र आहे. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरिया नदीला महापूर आला, ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि त्यानंतर नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवण्यात आली. रिकाम्या पात्रातून मोठा रस्ता काढण्याचे ठरत होते, परंतु नागरिकांनी तेथे हिरवळच हवी असा आग्रह धरला, आणि १९८६ पासून ती बाग टप्प्याटप्प्याने खुली झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातील नद्यांनी काय केले हे पाहिलेल्या कुटुंबातील मुलांना ही गोष्ट लगेच समजते. मोठी मुलगी कोरड्या पात्रावरचा दगडी पूल पाहून ‘मग नदी कुठे गेली?’ असे विचारू लागली, तेव्हा तिला ही हकिकत सांगितली आणि पुढचे सगळे पूल तिने मोजत नेले.

याच बागेत लिलिपुटच्या गोष्टीतील गलिव्हरची ७० मीटर लांबीची आडवी पडलेली आकृती आहे. त्याचे केस, कोटाच्या चुण्या आणि हातपाय यांच्या घसरगुंड्या केलेल्या आहेत. खेळण्याला पैसे लागत नाहीत. दुपारी ही आकृती तापते, म्हणून सकाळी उघडताच किंवा ऊन कलल्यावर जावे, आणि काही घसरगुंड्या बऱ्याच उभ्या असल्याने चार वर्षांखालील मुलाच्या मागे मोठे माणूस असलेच पाहिजे. आमच्या धाकटीने त्याच्या बोटांच्या फटीत बूड टेकवले आणि अर्धा तास ती तेथून हलली नाही. आम्हीही तिला हलवले नाही. त्या दिवशी पुढचे संग्रहालय राहिले आणि त्याची खंत वाटली नाही.

एका दिवशी एकच मोठे ठिकाण ठेवावे. ओशनोग्राफिक हे युरोपातील सर्वांत मोठे मत्स्यालय २००३ मध्ये सुरू झाले. त्याचा बराच भाग जमिनीखाली असल्याने ते उन्हाच्या वेळेसाठी चांगले आहे. शार्क डोक्यावरून पोहत जातात तो काचेचा बोगदा आणि पांढरे बेलुगा देवमासे मुले विसरत नाहीत. बागेच्या दुसऱ्या टोकाला बायोपार्क हे प्राणिसंग्रहालय आहे. तेथे सकाळी जावे, म्हणजे प्राणी हालचाल करताना दिसतात. १९२८ मधील मध्यवर्ती मंडई सकाळी साडेसातलाच उघडते, दुपारी तीनला बंद होते आणि रविवारी सुट्टी असते. मे महिन्यात तेथे चेरी आणि लोकाट भरपूर मिळतात. टांगलेल्या डुकरांच्या तंगड्या मात्र मुलांना आधीच सांगून ठेवाव्यात. जुन्या गल्ल्यांत फरसबंदी असल्याने घडीची, पण जाड चाकांची बाबागाडी न्यावी. पाट्या स्पॅनिश आणि व्हॅलेन्सियन अशा दोन भाषांत असतात, एकाच रस्त्याला ‘काये’ आणि ‘कारेर’ असे दोन्ही शब्द दिसतात. कन्नड, मराठी आणि इंग्रजी पाट्यांखाली वाढलेल्या आपल्या मुलांना त्याचे मुळीच नवल वाटत नाही.

औषधांबाबत मात्र गंभीरपणे सांगते. तापासाठीचे मुलांचे पॅरासिटामॉल आपल्याकडे ५ मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम या प्रमाणात मिळते. स्पेनमध्ये ते बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असे, म्हणजे कितीतरी तीव्र, असते. घरच्या सवयीने चमचाभर पाजले तर एका वेळी ५०० मिलिग्रॅम पोटात जातील. म्हणून आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घरचीच बाटली न्यावी आणि तेथे घ्यावे लागलेच तर मुलाचे वजन सांगून औषधवाल्याकडून मात्रा लिहून घ्यावी. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे.

समुद्रासाठी मालवारोसाचा रुंद, वाळूचा किनारा पुरेसा आहे, आणि तेथवर ट्राम जाते. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, त्यामुळे वाळूचा किल्ला तासाभरात वाहून जात नाही. तरीही वारा सुटला की लाटा जोरात येतात. हिरवा झेंडा असेल तरच मुलांना गुडघाभर पाण्यात सोडावे, पिवळा असेल तर हात धरून काठावरच ठेवावे, लाल असेल तर पाण्याला पायही लावू देऊ नये. जेलीफिश आल्याचा वेगळा झेंडाही लावतात. वारा गार असल्याने ऊन जाणवत नाही आणि कातडी भाजते, म्हणून टोपी, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा कपडा आणि दर दोन तासांनी क्रीम हवेच. सकाळी नऊ ते अकरा ही आमची वेळ होती. साडेअकराला वाळू झटकून ट्रामने परत यावे, मुलांना थोडे निजवावे आणि दोनच्या जेवणाला ती ताजी होऊन बसतील असे पाहावे.