सॉफ्टबॉल: बॅटिंग करताना पाय बाहेर पडत असेल तर

पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) हातून बॉल सुटला की उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीचा डावा पाय पिचरकडे न जाता थर्ड बेसकडे, म्हणजे तिच्या पाठीच्या बाजूला पडतो. ठाणे-नवी मुंबईत सॉफ्टबॉलला येणारी बरीच मुलं सोसायटीतल्या टेनिस बॉल क्रिकेटवर वाढलेली असतात, आणि तिथे लेगला सरकून जागा करून घेणं हुशारीचं मानतात. इथे तीच सवय महागात पडते. पायामागोमाग कंबर आणि पुढचा खांदा उघडतो, प्लेटच्या (बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीच्या) बाहेरच्या कडेवरचा बॉल आवाक्याबाहेर जातो, आणि लागलाच तर बॅटच्या टोकाला लागून इनफिल्डमध्येच, म्हणजे बेसच्या आसपासच सरपटत राहतो.

खरं नुकसान करतात ते कंबर आणि खांदा. पाऊल दोन बोटं बाहेर पडूनही खांदा बंद राहत असेल तर त्या मुलीचं पाऊल बदलायला जाऊ नका.

दुरुस्तीआधी कारण शोधा. दोन्ही पायांच्या अंगठ्यांना लागून पिचरच्या दिशेने फक्कीची सरळ रेघ मारा. पाच स्विंग बॉलशिवाय, पाच टीवरच्या (बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावरच्या) बॉलवर आणि पाच समोरून टाकलेल्या बॉलवर घ्यायला लावा. प्रत्येक स्विंगनंतर मातीतला ठसा बघा. पाऊल प्रथम कुठे टेकलं ते टाचेपेक्षा चवड्याच्या खुणेवरून नीट कळतं. नंतर चवडा थोडा पिचरकडे वळणारच, तो दोष नाही. कॅचरच्या (बॅटरमागे बसून बॉल पकडणाऱ्याच्या) मागे जाळीबाहेरून मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर खांदाही दिसतो. बॉलशिवायही पाय बाहेर जात असेल तर ती सवय आहे. समोरून बॉल आल्यावरच जात असेल तर ती भीती आहे, आणि भीतीवर पायामागे अडथळा ठेवून काहीही साधत नाही. मूल अडथळा ओलांडेल किंवा पाय जागेवर ठेवून धड मागे झुकवेल.

भीती असेल तर आधी बॉल चुकवायला शिकवा. या पायरीला वेळ द्या, कारण बहुतेक ठिकाणी हीच गाळली जाते. पाय बाहेर काढणारं मूल छाती आणि चेहरा बॉलसमोर उघडा करतं, म्हणजे वाचण्याच्या नादात जास्त धोक्यात जातं. योग्य हालचाल उलटी आहे: पुढचा खांदा आत, कॅचरच्या बाजूला वळवायचा, हनुवटी छातीला, बॅट खाली, पाठ पिचरकडे. फेसगार्ड असलेलं हेल्मेट घालून, पाच मीटरवरून टेनिस बॉल हळू, मुद्दाम अंगावर टाका. एका वेळी दहा बॉल पुरेत. पाठीवर टेनिस बॉल लागला आणि काही झालं नाही, हे अंगाला कळलं पाहिजे. तोंडी ‘घाबरू नकोस’ म्हणून ते कळत नाही.

मग स्विंग न करता नुसतं उभं राहणं. पिचर टाकतोय, बॅटर पाऊल टाकते, बॉल कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत डोळ्यांनी नेते आणि ‘आत’, ‘मध्ये’ किंवा ‘बाहेर’ असं मोठ्याने सांगते. सांगायचं असलं की बघावं लागतं.

सवयीचा भाग यानंतर. उभं राहण्याची जागा तपासा: गुडघे किंचित वाकवून बॅटचं टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेला टेकलं पाहिजे. फार जवळ उभं केलेलं मूल हाताला जागा हवी म्हणून पाय बाहेर काढतंच. मोठ्या भावाची जड बॅट हेही एक कारण. दांडा दोन-तीन बोटं वर धरून फरक पडतो का ते बघा. पाऊल दहा-पंधरा सेंटिमीटरचंच असू द्या. सुरुवातीला पाऊल टाकूच नका: पाय आधीच रुंद ठेवून फक्त टाच उचलायची, टेकायची आणि स्विंग. ते जमलं की छोटं पाऊल. पुढच्या टाचेमागे, चार बोटं सोडून, रेघेला समांतर गुंडाळलेला टॉवेल ठेवा. वीट किंवा बॅट ठेवू नका, घोटा मुरगळतो.

टी प्लेटच्या बाहेरच्या कडेवर लावा, पुढच्या पावलापेक्षा थोडी मागे, आणि बॉल फर्स्ट व सेकंड बेसच्या मधून, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूला मारायला सांगा. पाय आणि खांदा बाहेर गेले तर त्या बाजूला जोरकस बॉल जातच नाही, त्यामुळे प्रत्येक फटका स्वतःच उत्तर देतो. पंधरा-वीस फटक्यांनंतर जाळीआडून चार-पाच मीटरवरून अंडरआर्म टॉस, तोही बाहेरच्या अर्ध्या भागावर. मग आठ मीटर, मग पूर्ण अंतर. दहापैकी तीनपेक्षा जास्त वेळा पाय बाहेर पडला तर एक पायरी मागे या.

सूचना एकच ठेवा: ‘गुडघा पिचरकडे’. ‘पाय बाहेर काढू नकोस’ म्हटलं की लक्ष पायावर जातं आणि बॉल सुटतो. सामन्यात तर तेही नको, फक्त बॉल बघू द्या. नियम मात्र आधीच समजावून ठेवा: बॅट बॉलला लागताना एखादं पूर्ण पाऊल बॅटर बॉक्सच्या (बॅटरने उभं राहायच्या आखलेल्या चौकटीच्या) रेषेबाहेर जमिनीला टेकलेलं असेल तर बॅटर बाद.

पावसाळ्यात मैदानं चिखलात जातात. तेव्हा स्टिल्ट पार्किंगमध्ये, गाड्यांपासून लांब, बॉलशिवाय रोज वीस स्विंग चालतात. टाइल्सचा सांधा रेघेचं काम करतो. फरशी कोरडी बघा आणि स्पाइक न घालता रबरी तळव्यांचे बूट घाला.