मळणी, चाळ आणि छाटणी: छातीला सांभाळा

सोयाबीन मळायला घेतलं, मका वाळतोय, चाळीतला उन्हाळ कांदा तळाला आला आणि नाशिककडे निफाड-दिंडोरीत द्राक्षाची छाटणीही सुरू. छातीला लागणारी कामं सगळी याच महिन्यात येतात आणि खोकला सुरू झाला की थंडीवर ढकलून मोकळे होतो.

धूर शहरात आणि शुद्ध हवा खेड्यात, हे आता सोडा. हृदयविकाराखालोखाल देशात सीओपीडीने, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागणाऱ्या आजाराने, माणसं जातात, असं 2016 च्या आकडेवारीत दिसलं. चुलीपुढे जन्म काढलेल्या, विडीला कधी न शिवलेल्या बाईलाही हा आजार होतो. शहरात दम लागला की नळीत फुंकून तपासणी करून घेता येते. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला आलेला मजूर हंगाम उरकल्यावरच दवाखाना गाठतो.

पावसात भिजलेला माल मळताना बुरशीचा धुरळा उडतो. त्याची खूण ओळखा: कामानंतर 4 ते 8 तासांनी कणकण, कोरडा खोकला, धाप. एक-दोन दिवसांत बरं वाटतं, परत मळणीवर गेलं की परत तेच. तापाच्या गोळ्या खाऊन हे वर्षानुवर्षं चालतं आणि फुप्फुस निबर होतं. डॉक्टरांना 'काल मळणीवर होतो' एवढं आवर्जून सांगा. माल पूर्ण वाळवा, भुसा उडतो त्याच्या उलट बाजूला उभे राहा. टॉवेल गुंडाळून बारीक कण अडत नाहीत. एन-95 मास्क घ्या, तो नाकावर घट्ट बसवा. फवारणीच्या औषधाच्या वाफेला मात्र तोही पुरत नाही, तिथे कार्ट्रिजचा मास्क लागतो.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावतात. त्या दिवसांत दारू अजिबात नको, पेस्टच्या आदल्या दिवशीही नको आणि नंतरचे काही दिवसही नको. पोटात दारू असली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास कोंडतो. मुकादमाने हे कामाआधीच सांगावं. संध्याकाळी सांगून उपयोग नाही.

चाळीतल्या कांद्याची काळी बुरशी निवडणाऱ्या बायकांच्या नाकात जाते. निवड चाळीबाहेर, वाऱ्यावर करा. रिकामी पोती झटकू नका. पुढे कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवाल, तेव्हा टायर जाळू नका.

दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर क्षयरोग आहे का हे पाहायला प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते. बोलताना वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील तर लगेच 108 ला फोन करा.