जाळ्यात अनोळखी मासा आला तर नोंद कशी करायची

रत्नागिरीच्या मिरकरवाडा किंवा मुंबईच्या ससून डॉक बंदराला ट्रॉलर रिकामा होताना फेकायच्या ढिगात कधीतरी असा मासा दिसतो की जुना खलाशी पण म्हणतो हा काय आपल्याकडचा नाय. तो लगेच बर्फात ठेवा, रंग फार पटकन उडतो, आणि डोकं डावीकडे करून, पर (माशाचे कल्ले नव्हे, पोहायचे पंख) टाचणीने पसरून, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

मग तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला गाठा, हे सगळ्यात महत्त्वाचं! मासा बंदरात मिळाला म्हणजे बंदराजवळचाच असं नसतं, बोटी कुठल्या कुठे जातात, म्हणून जीपीएसचा पॉइंट, पाणी किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोल होतं, जाळं कुठलं, तारीख, सगळं तिथेच लिहून घ्या. नुसतं "अरबी समुद्र" लिहिलेली नोंद माझ्या मते बिनकामाची.

फॉर्मालिनमध्ये (मासा टिकवायचं रसायन) टाकायच्या आधी मांसाचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, नंतर डीएनए नीट निघत नाही. मग मासा १० टक्के फॉर्मालिनमध्ये, हातमोजे घालूनच बरं का, आणि मोठा असेल तर पोटात पण इंजेक्शन द्या नाहीतर आतून सडतो.

लांबी थोबाडापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत मोजा, परांचे काटे मोजा, फिशबेस या माशांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावर तो आधी कुठे कुठे सापडलाय ते बघा आणि नमुना सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) किंवा झेडएसआय (भारतीय प्राणी सर्वेक्षण) यांच्याकडे द्या, म्हणजे त्याला नोंदणी क्रमांक मिळतो आणि उद्या कोणाला शंका आली तर मासा काढून परत तपासता येतो.