आठ माणसांचं मटण आणि एकच पातेलं

घरात आठ माणसं जेवणारी असली की तिखट कुणाच्या जिभेला धरून करायचं, हा पहिला प्रश्न. आमच्यात आई ऐंशीच्या पुढची, नातू साडेतीन वर्षांचा, जावई नाशिकचे आणि पक्के शाकाहारी, आणि धाकटा भाऊ असा की रश्श्यावर तर्री दिसली नाही तर ताट पुढं ओढत नाही. परगावच्या लोकांना वाटतं, कोल्हापुरात सगळेच जाळ खातात. तसं काही नसतं. आपलं मटणाचं जेवण अळणीपासून, म्हणजे मटण शिजलेल्या बिनतिखटाच्या पाण्यापासून सुरू होतं. ते नीट जमलं तर ज्याच्या त्याच्या तोंडाचं त्याच पातेल्यातून काढता येतं. तिखट शेवटी घालायचं, तेही वेगळ्या भांड्यात. बाकी सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

मटण सकाळी लवकर आणा. रविवारी पेठेतल्या दुकानांपुढं रांग लागते आणि उशिरा जाणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. इथं मटण हा गमतीचा विषय नाही. २०१९ मध्ये दरावरून कृती समिती निघाली, आंदोलन झालं. ज्यांच्या घरी जोतिबाचा रविवार पाळतात, त्यांनी बुधवार किंवा शुक्रवार बघावा, तेव्हा रांगही कमी असते. आठ जणांत एक शाकाहारी आणि एक पोर धरलं तर दीड किलो पुरतं. पुढचा पाय, थोडा सीना, दोन-चार चापा आणि अख्ख्या नळ्या मागा. नुसतं बिनहाडाचं घेऊ नका. रश्श्याला चव हाडातून येते, आणि इथं रस्सा हेच जेवण.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन पळ्या तेल, एक बारीक चिरलेला कांदा आणि दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण. कांदा मऊ झाला की मटण टाकून मोठ्या आचेवर परता, मीठ घाला. अळणी म्हणतात म्हणून मीठ टाळू नका. हळद मात्र चिमूटभरच, कारण ह्याच पाण्याचा पांढरा रस्सा करायचा आहे आणि हळद जास्त झाली की तो पिवळा दिसतो. आता झाकण म्हणून खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओता. आत मटणाला स्वतःचं पाणी सुटतं, वरचं पाणी तापतं, ते तापलेलं आत ओतायचं आणि ताटात पुन्हा नवं. असं करत तीन लिटरच्या आसपास पाणी आत जाऊ द्या. गार पाणी थेट ओतायचं नाही. तास-सव्वा तासात मटण शिजतं. कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत होतं, पण चव पडते असं माझं मत. घरातलं बहुमत कुकरच्या बाजूनं आहे, हेही सांगून ठेवतो.

शिजलं की सगळ्यात आधी दोन वाट्या अळणी आणि त्यातले मऊ तुकडे बाजूला काढा. आई आणि नातवाचं जेवण झालं तयार. मऊ भातात कालवायचं, वर तूप, आईच्या वाटीत किंचित मिरपूड. हे काढून ठेवल्याशिवाय पुढच्या मसाल्याला हात लावायचा नाही, कारण एकदा घाई सुरू झाली की पोराची वाटी हमखास विसरते. मग मटण निथळून एका भांड्यात घ्या आणि उरलेल्या पाण्याचे दोन भाग करा.

पांढऱ्याला बायकांपेक्षा पुरुष जास्त घाबरतात, कारण तो फुटतो. खसखस दोन चमचे अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, तिच्याबरोबर दोन चमचे पांढरे तीळ आणि दहा-बारा काजू घालून अगदी गंधासारखं वाटा. कण राहिला तर रस्सा खाली बसतो. एका मोठ्या नारळाचं दूध काढा, पहिलं दाट वेगळं, दुसरं पातळ वेगळं. तुपात तमालपत्र, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, चार वेलदोडे, थोडे मिरे आणि दोन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. त्यात वाटण मंद आचेवर परता. रंग बदलता कामा नये. मग अळणीचा एक भाग, मग पातळ दूध. ढवळत राहा. दाट दूध सगळ्यात शेवटी घाला आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नका. कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. मीठ तेव्हा चाखून. एकाच दिशेनं ढवळायचं असं सगळे सांगतात. त्यानं काय होतं ते देव जाणे, पण मीही तसंच ढवळतो.

तांबडा त्यामानानं सोपा. सुकं खोबरं, कांदा, तीळ, धणे खरपूस भाजून लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटायचं. तेल सढळ. वाटण तेल सोडेपर्यंत परता, गॅस बारीक करा आणि मगच तीन-चार चमचे कांदा-लसूण चटणी घाला, नाहीतर ती करपून कडू होते. लगेच गरम अळणी ओता आणि दहा मिनिटं खळखळ उकळू द्या. पातळच ठेवा. हा वाटीनं प्यायचा रस्सा आहे, भाकरीला चिकटवायची ग्रेव्ही नव्हे. चटणी मात्र घरची असावी, एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवून डंकावर कुटून आणलेली. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी. विकतची आणली असेल तर निम्म्यानं सुरुवात करा.

ह्याच वाटणातलं थोडं आधीच बाजूला काढून जावयांचा अख्खा मसूर होतो. मसूर रात्री भिजवलेले, कांदा-टोमॅटो, वाटण, चटणी. पातेलं वेगळं, पळी वेगळी, आणि हे सगळ्यात आधी करून झाकून ठेवायचं. शाकाहारी माणसाला कोपऱ्यात बसवून दही-भात वाढणं मला पटत नाही. त्याच्या ताटातही झणझणीत काहीतरी पाहिजेच. उरलेलं मटण तांबड्याच्या थोड्या मसाल्यात, पाणी न घालता, कडेनं तेल सुटेपर्यंत परतलं की सुकं तयार.

भाकऱ्या ताटं मांडल्यावरच थापायला घ्या. म्हणजे कुणीतरी चुलीशी अडकणार, हे उघड आहे. आमच्यात भावजय आणि मी पाळी लावतो, एक थापतो तोवर दुसरा जेवतो. भाताला आजऱ्याचा घनसाळ मिळाला तर उत्तम, त्याच्या वासानं नुसतं अळणीही जेवण वाटतं. वाढताना पांढरा आधी, मग तांबडा. सुकं, कांदा, लिंबू ताटात. कुणाला तिखट जास्त लागलं तर दोन्ही रस्से एकाच वाटीत मिसळून प्या, तिखट निम्म्यावर येतं.

बाहेर जेवायचं ठरलं तरी हिशेब तोच. मिसळ सकाळी नऊच्या आत. उद्यमनगरात फडतरे, कसबा बावड्यात बावडा मिसळ, शिवाय चोरगे, खासबाग. ज्याचा त्याचा पक्ष ठरलेला असतो, त्यात पडू नका. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळा मागा. पोराला नुसती मटकी, वर फरसाण आणि ब्रेडची स्लाइस पुरते. मोठ्यांनी आपापला कट ओतून घ्यावा. आई बरोबर असेल तर खुर्चीची सोय आधी विचारा, बाकड्यावर तिला बसता येत नाही.

मटणाच्या थाळीला जाताना सगळ्यांना थाळी मागवायची गरज नसते. बहुतेक ठिकाणी थाळीत रस्सा परत परत वाढतात, पण एका थाळीत दोघं चालत नाहीत, म्हणून बसण्याआधी विचारा. वयस्कर माणसासाठी अळणी मिळेल का, हे जरूर विचारा. पाटीवर नसतं, पण आत पातेलं असतंच. दुपारी दीडनंतर गेलात तर उभं राहायची तयारी ठेवा.

संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी आणि खासबागेत राजाभाऊंची भेळ एवढं बास. पोट हलकं असेल तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं दूध समोर काढून फेसासकट देतात. पण ते कच्चं असतं, लहान पोराचं आणि आईचं तरी घरी आणून उकळून द्या.

आणि बिल हात धुवायला उठतानाच गल्ल्यावर देऊन टाका. टेबलावर आलं की जावई आणि धाकटा भाऊ दोघं पाकीट काढतात, ओढाओढ होते आणि वेटर मध्ये उभा राहतो.