जॉर्जटाऊनची सहल: आधी जेवणाच्या वेळा ठरवा, मग वाडे

मलेशियाच्या पिनांग बेटावरच्या जॉर्जटाऊनला जाताना बहुतेक जण आधी स्थळांची यादी करतात आणि मधल्या रिकाम्या वेळात खाणं कोंबतात. उलट करा. वाडे कुठे जात नाहीत, खाण्याच्या गाड्या मात्र ठरावीक तासच लागतात. सकाळच्या कित्येक गाड्यांवरचा माल दुपारपर्यंत संपतो. न्यू लेन आणि किम्बर्ली स्ट्रीटला खरी जाग येते संध्याकाळी. प्रत्येक गाडीची सुट्टीही वेगळी, म्हणून एका पदार्थासाठी दोन ठिकाणं हेरून ठेवा. चिनी नववर्षाचे पहिले दिवस टाळाच, निम्म्या गाड्या बंद सापडतील.

तीन रात्री पुरतात. मुक्काम जुन्या शहरातच करा, म्हणजे दुपारी खोलीवर येऊन पडता येतं. मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरा. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. विमानतळावरून ४०१ नंबरची बस जुन्या शहरात येते, पण सुटे पैसे हवेत. गाड्यांवरही पाच-दहा रिंगिटच्या नोटा बऱ्या.

फिरणं सकाळी अकराच्या आत. जालान मस्जिद कपितान केलिंग या एकाच रस्त्याच्या आसपास सेंट जॉर्ज चर्च (१८१८), करुणेची चिनी देवी कुआन यिनचं देऊळ, मरिअम्मनचं देऊळ (१८३३) आणि कपितान केलिंग मशीद (१८०१) आहेत. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या; शुक्रवारी दुपारी मशिदीत जाऊ नका. दुकानांपुढच्या ओसरीला ‘काकी लिमा’ म्हणतात. सावलीची वाट, पण स्कूटरींनी अडवलेली, त्यामुळे पाच मिनिटांचं अंतर दहा मिनिटं घेतं.

ऊन चढलं की छपराखाली. निळ्या वाड्यात, म्हणजे चिओंग फात त्झे या धनाढ्य चिनी व्यापाऱ्याच्या घरात, मार्गदर्शकासोबतच्या फेरीच्या वेळा ठरलेल्या असतात; आधी जागा राखा. खू कोंगसी, म्हणजे खू या चिनी कुळाचं मंदिर, १९०१ साली जळलं आणि १९०६ साली पुन्हा उभं राहिलं. पहिली वास्तू फारच भव्य झाली म्हणून देव कोपले, अशी लोककथा आहे. तिथे छपराकडे बघा: चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे कापून नक्षी केली आहे.

फूड कोर्टात आधी टेबल धरा, त्याचा नंबर लक्षात ठेवा, गाडीवर जाऊन तो सांगा, पदार्थ आला की पैसे द्या. पेय टेबल ज्याचं त्याच्याकडूनच घ्यायचं, हा अलिखित नियम. ताटल्या लहान असतात. दोघांत एकेक करत तीन-चार चाखता येतात. ‘चार क्वे त्याव’, म्हणजे परतलेल्या चपट्या तांदळाच्या नूडल्स, आधी सांगा, कारण गाडीवाले त्या प्रखर आचेवर एका वेळी एक-दोन प्लेटच करतात. चार प्लेट एकदम मागितल्या की कढई थंडावते, नूडल्स परतण्याऐवजी शिजतात आणि जळका वास हरवतो. आसाम लाक्सात, म्हणजे मासळीच्या आंबट रश्शातल्या नूडल्समध्ये, कोळंबीचा काळा, गोडसर अर्क ‘हे को’ चमच्यात वेगळा येतो. थोडा थोडा मिसळा. नासी कांदरचं, म्हणजे भात आणि त्यावर आपण निवडलेले रस्से-तोंडीलावणी यांचं, बिल ताटात काय पडलं त्यावर ठरतं, म्हणून मोठी कोळंबी आणि माकुळ घेण्याआधी भाव विचारा.

शाकाहाऱ्यांनी ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. भाज्यांत आणि चटणीत बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा असतो. चार क्वे त्यावमध्ये अनेकदा डुकराची चरबी. त्यापेक्षा लिटल इंडिया किंवा चिनी शाकाहारी खानावळ गाठा.

शेवटच्या दिवशी २०४ नंबरच्या बसने आयेर इताम भागात जा: केक लोक सी हे बौद्ध देऊळ आणि पिनांग हिलची केबल रेल्वे. शनिवार-रविवारी रांग लांबते, पहिल्या गाड्यांपैकी एक पकडा.